कोंबडी काहीही खाते?

हल्ली हेजहॉग पाळायची टूम निघाली आहे. मुठीत मावेल एवढा प्राणी, पाठीवर काटे, घाबरला की अंगाचा चेंडू करून बसतो. पाळायला मिळतो तो आफ्रिकेतला. आपल्या देशातले हेजहॉग राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात आणि खाली तामिळनाडूकडे रानात राहतात. त्यांना पकडून घरी आणणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. (आमच्या जव्हारच्या जंगलात काटेवाला म्हणून जो दिसतो तो साळिंदर. तो उंदरांच्या गोतातला, कंदमुळं आणि साली कुरतडणारा. हेजहॉग मुख्यतः किडे खाणारा. काटे सारखे, पण ताट अगदी वेगळं!)

तर मित्रांनो, या पाहुण्याला रोज काय खायला घालायचं यावर पाळणारी मंडळी जेवढी चर्चा करतात तेवढी आपण सबमिशनच्या आदल्या रात्रीही करत नाही. दूध द्यायचं नाही, ते त्याला पचत नाही. मांजराचं कोरडं खाणं चालेल, पण प्रथिनं जास्त आणि चरबी कमी असलेलंच. किडे हवेत, पण नुसत्या मीलवर्मवर ठेवलं तर कॅल्शियम कमी पडतं. फळ चवीपुरतं. आणि वजनावर लक्ष ठेवायचं, कारण पिंजऱ्यातला हेजहॉग बघता बघता लठ्ठ होतो.

मला ही चर्चा हास्यास्पद वाटत नाही. जनावर घरात आणलं की त्याचं पोट कसलं आहे हे आधी बघायचं, आपल्या हातात काय आहे ते नंतर. एवढा साधा नियम त्यात आहे. माझा प्रश्न निराळा आहे. हाच नियम आपण आपल्याकडे घरोघरी पाळल्या जाणाऱ्या प्राण्याला का लावत नाही? मी जव्हारचा. आमच्या जव्हार-मोखाड्यात घरोघरचा प्राणी म्हणजे गावठी कोंबडी. तिच्या खाण्याबद्दल कुणालाही विचारा, साहेबाला विचारा नाहीतर शेजाऱ्याला, उत्तर एकच : "कोंबडी काय, काहीही खाते!"

ज्यांनी जव्हार फक्त पावसाळी ट्रिपमध्ये पाहिलंय, म्हणजे जयविलास पॅलेस, दाभोसा धबधबा आणि गरम भजी, त्यांच्यासाठी थोडी माहिती. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो, आता पालघरमध्ये. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशी वस्ती, पाड्यापाड्यांनी विखुरलेली. उताराच्या जमिनीवर नागली, वरई, खुरासणी, खाली सखलात भात. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर भिवंडी-वसईकडे. अशा घरात चार-पाच कोंबड्या असतात, आणि त्या अंड्यांसाठी असतात असं शहरात वाटतं. तसं नाही. अंडी बहुतेक कोंबडीखालीच ठेवली जातात. अंडं खाल्लं तर पिल्लू कुठून येणार? कोंबडी म्हणजे बँक. पाहुणा आला, पोराचं काही भरायचं राहिलं, तालुक्याच्या दवाखान्यात जायला एस्.टी.चं भाडं नाही, देवाला द्यायचं आहे, की एक कोंबडी बाजारात जाते. आपल्या भाषेत सांगायचं तर लिक्विड कॅश, फक्त पाय असलेली.

आणि ही बँक बुडते ती बहुतेक वेळा पहिल्या दीड-दोन महिन्यांत, पिल्लांच्या वयात. घार नेते, मुंगूस नेतो, थंडी लागते, मानमोडी येते. मानमोडीवर लस आहे, ती पहिल्या आठवड्यात द्यायलाच पाहिजे, त्यावर वाद नाही. मी फक्त खाण्याबद्दल बोलतोय, कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

मोठी कोंबडी खरोखर हुशार असते. तिच्या मागे एक दिवस फिरून बघा. सकाळी सोडली की आधी शेणाचा उकिरडा उकरते, तिथे अळ्या. मग कुंपणाच्या कडेचा कोवळा पाला. मग मुसळ-जात्याजवळ सांडलेले दाणे. मध्येच बारीक खडे गिळते, कारण तोंडात दात नाहीत. दळायचं काम आत होतं, कलेजी-पेट्यातल्या त्या पेट्यात. दाणे, किडे, पाला, खडे या सगळ्याचा मेळ ती स्वतः घालते, आपण तिला काही शिकवत नाही. 'काहीही खाते' हे वाक्य या अर्थाने खरं आहे.

पण हे 'काहीही' अंगणात असायला तर पाहिजे ना! जूनच्या पहिल्या सरीनंतर पंखवाली वाळवी उडते, जमीन मऊ होते, गांडुळं वर येतात, त्या दिवसांत घरात माणसाला दाणा नसतो पण कोंबडीची दिवाळी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खळ्यावर भात-नागली सांडते, कोंबड्या अंगाने भरतात. आणि मार्चपासून मेपर्यंत? जमीन दगड झालेली, किडा खोल गेलेला, पाला वाळलेला, पाणी टँकरचं. कोंबडी जेवढं खाते त्याच्या साधारण दुप्पट वजनाचं पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे आणि त्याचं पाणी मुंबईला जातं, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

आता पिल्लू घ्या. मोठ्या कोंबडीला हुशारी आहे, चोच आहे, नखं आहेत. आठ दिवसांच्या पिल्लाला यातलं काही नाही. आई उकरून 'कुक् कुक्' करून बोलावते तेवढंच त्याचं. आणि त्याची गरज मात्र सगळ्यात मोठी : वाढीच्या पहिल्या आठवड्यांत त्याच्या खाण्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. आपण काय टाकतो? तांदळाची कणी किंवा रात्रीचा भात. कणीत प्रथिनं सात-आठ टक्के. भातात तर दोन तृतीयांश पाणीच. पिल्लाच्या गळ्यातली पिशवी भरते, आपल्याला वाटतं पोर जेवलं, आणि पंख फुटायच्या वयात ते मान टाकून उभं राहतं. दुधाचं बशीभर प्रेम हेजहॉगला जसं बाधतं, तसंच हे भाताचं.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. मिश्रणाचं गणित आपण सातवीतच शिकलोय. कणी ८ टक्के, खुरासणीची पेंड ३२ टक्के धरू, हवेत २० टक्के. चौकोन मांडा, वजाबाकी करा : १२ भाग कणी, १२ भाग पेंड. अर्धं-अर्धं! सुटलं की! मी हे कागदावर सोडवून फार खूश झालो होतो. पण पिल्लू टक्के खात नाही. पेंडीत चोथा भरपूर, आणि एवढ्याशा पोटाला तो झेपत नाही. शिवाय प्रथिनं प्रथिनं म्हणजे सगळी एक नव्हेत. धान्य आणि खुरासणी दोन्हीकडे लायसिन नावाचा घटक कमी पडतो. दोन उणे एकत्र आले तर आपल्या मॅथ्समध्ये अधिक होतं, पोटात होत नाही. ती उणीव भरून काढतात किडे. म्हणून पेंड थोडी, एक-दोन चिमूट, कणी किंवा नागली बाकीची, आणि वर वाळवी.

वाळवी हे काही माझं संशोधन नाही. आमच्याकडे कितीतरी घरांतल्या आज्या वारुळाचा ढेकूळ फोडून पिल्लांपुढे टाकतात. पश्चिम आफ्रिकेतल्या खेड्यांत तर मडक्यात ओला पेंढा आणि शेण भरून ते वाळवीच्या जागेवर पालथं घालायची जुनी पद्धत आहे. युरोपीय संघाने कोंबड्यांच्या खाद्यात किड्यांची प्रथिनं वापरायला परवानगी दिली २०२१ साली. त्यावर आता मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहतायत, परिषदा होतायत. आमची आजी कुठल्याही परिषदेला गेली नव्हती.

नागलीबद्दलही एक गैरसमज आहे. नागलीत कॅल्शियम भरपूर, म्हणून कोंबडीला नागली घातली की झालं, असं लोक सांगतात. धान्यांमध्ये ती खरंच वरचढ आहे : १०० ग्रॅममध्ये साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम. माणसाला ते पुष्कळ. पण गावठी कोंबडीच्या लहान अंड्याच्या कवचातसुद्धा दीड ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मोठी मूठ पन्नास ग्रॅमची धरली तर एका अंड्याच्या कवचाला नऊ मुठी नागली! घरचं वर्षाचं धान्य संपेल. त्यापेक्षा अंड्याची टरफलं भाजून बारीक कुटून द्यावीत (बारीकच, नाहीतर कोंबडीला अंडी फोडायची चटक लागते), आणि पावसाळ्यात खेकडे खाल्ले की त्यांची कवचं फेकून न देता वाळवून कुटावीत. फुकट काम आहे.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे पिल्लं वाटायच्या योजना. 'सुधारित' पक्षी देतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचा वनराज, बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराज, ही नावं आता पाड्यावरही माहीत आहेत. पक्षी चांगलेच आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, हे परसात ठेवले तरी शंभराच्या पुढे जातात, अंगानेही थोराड. एका पाड्यावर असे पक्षी आले तेव्हा सोबत खाद्याचं एक पोतं आलं होतं. पोतं संपलं तेव्हा पक्षी निम्म्या वाढीचे होते. पुढे काय घालायचं हे कागदावर कुठेच नव्हतं. 'मग सोडा अंगणात, कोंबडी काहीही खाते.'

आता हिशेब बघा. १९३२ मध्ये मॅक्स क्लायबर नावाच्या शास्त्रज्ञाने मांडलं की प्राण्याची रोजची ऊर्जेची गरज त्याच्या वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट झालं तर गरज २ चा ०.७५ घात, म्हणजे साधारण १.७ पट. गावठी कोंबडी सव्वा किलोची आणि नवा पक्षी अडीच किलोचा धरला तर वीस नवे पक्षी म्हणजे खाण्याच्या दृष्टीने चौतीस गावठी कोंबड्या, तेही नुसत्या जगण्यापुरत्या. जास्तीच्या अंड्यांचा खर्च वेगळा. जे अंगण कसंबसं आठ-दहा कोंबड्या पोसतं, त्यावर अचानक चौतिसांची पंगत! अंगणातले किडे कुणाच्या सहीने वाढत नाहीत. मग नवे पक्षी तर वाळतातच, घरच्या जुन्या कोंबड्याही उपाशी राहतात, कारण ताट एकच. आणि हे पक्षी सहसा खुडूक बसत नाहीत, त्यामुळे पुढची पिढी विकतच आणायची. बँक होती ती गेली, हातात हप्ता आला.

यावर शहाणी माणसं म्हणतात, मग कंपनीचं खाद्य वर्षभर विकत घ्या. ते खाद्य उत्तम असतं, कारण ते गणित करून बनवलेलं असतं. ज्यांनी ऑपरेशन्स रिसर्चला केटी लावली नाही त्यांना आठवेल : लिनियर प्रोग्रामिंगचा 'डाएट प्रॉब्लेम'. १९४५ साली जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने ७७ पदार्थांतून एका माणसाचा सगळ्यात स्वस्त पोषक आहार शोधला. १९३९ च्या भावाने वर्षाला ३९.९३ डॉलर. १९४७ मध्ये डँट्झिगच्या सिम्प्लेक्स पद्धतीने तोच प्रश्न नऊ कारकुनांनी हातयंत्रांवर सोडवला, उत्तर आलं ३९.६९. चोवीस सेंटचा फरक! कोंबडी खाद्याचे कारखाने आजही मूळ तेच गणित रोज करतात. पण त्या गणितात 'मिनिमाईझ' करायचा असतो तो किलोमागचा रुपया. आमच्या पाड्यावर रुपया हा व्हेरिएबलच नाही, बहुतेक महिने तो शून्य असतो. तिथे मोजायचे असतात ते बाईचे तास, मे महिन्यातली पाण्याची खेप आणि भट्टीवर गेल्यावर कोंबड्या कुणाकडे ठेवायच्या हा प्रश्न. कन्स्ट्रेंट चुकीचे लिहिले तर उत्तर बरोबर येऊन काय उपयोग?

म्हणून मला वाटतं, रोख पैसा खर्च करायचाच असेल तर तो फक्त पिल्लांच्या पहिल्या सहा आठवड्यांवर करावा. तेव्हा एक पिल्लू दिवसाला चमचा-दोन चमच्यांपासून सुरुवात करतं, त्यामुळे थोड्या खाद्यात दहा पिल्लं निभतात, आणि मरतात तीही याच वयात. पिल्लांना डालग्याखाली वेगळं खायला द्यावं, म्हणजे मोठ्या कोंबड्या लुटत नाहीत. मोठीला दिवसभर फिरू द्यावं, संध्याकाळी खुराड्यात घेताना एक लहान मूठ दाणे, त्या निमित्ताने ती घरी येते आणि मोजदादही होते. उन्हाळ्यात मात्र एका मुठीच्या दोन कराव्यात, किंवा कोंबड्या कमी कराव्यात. खळ्यानंतर विकायला काढायच्या आणि मेपर्यंत थोड्याच ठेवायच्या हा जुना रिवाज अडाणीपणाचा नव्हता. गिरणीतला कोंडा द्यायचा तर बघून घ्यावा. खेड्यातल्या साध्या हलरमध्ये कोंडा आणि तूस एकत्र पडतं, आणि तुसात खाण्यासारखं काही नसतं.

आणि एक गोष्ट अजिबात देऊ नये : बुरशी लागलेला दाणा. आमच्या पावसात कणगीतलं धान्य काळं पडतंच. माणसाने खायचं नाही म्हटलं की ते कोंबडीपुढे जातं. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, तेव्हा अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. ते लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा या आदिवासी जिल्ह्यांत पावसात भिजलेला मका खाऊन लोकांना कावीळ झाली, शंभराहून जास्त माणसं गेली. तिथे कुत्रीही मेली होती. जे दाणे आपण टाकून देतो ते कोंबडीला चालतात, हा समज महाग पडतो. खारवलेल्या सुक्या मासळीचंही तेच; प्रथिनं पुष्कळ, पण मीठ पिल्लाला मारतं. द्यायची तर आधी धुऊन भिजवून, आणि अगदी थोडी.

कुणी म्हणेल, ज्या भागाचं नाव १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे वर्तमानपत्रांत आलं, तिथे पोरांच्या पोटाचं सोडून हा कोंबडीच्या पोटाचं काय घेऊन बसला? आक्षेप रास्त आहे. माझं उत्तर असं की ती दोन पोटं वेगळी नाहीत. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं द्यायचं ठरलं; गावठी लहान अंड्यातही पाचेक ग्रॅम चांगली प्रथिनं असतात. ते अंडं घाटाखालून ट्रेमध्ये बसून येण्याऐवजी पाड्यावरच तयार झालं तर त्याचे पैसेही पाड्यावरच राहतील. पण त्यासाठी घरात आधी एवढ्या कोंबड्या जगायला हव्यात की बँक न मोडता अंडं खाता येईल. आणि पिल्लं जगली तरच ते होणार.

राहता राहिलो आपण. प्रोजेक्ट एक्झिबिशनला इनक्युबेटर दरवर्षी असतो, सेन्सर लावलेला, मोबाईलवर टेंपरेचर दाखवणारा. अंडी उबवायची आमच्याकडे अडचणच नाही, ते काम गावठी कोंबडी एकवीस दिवस फुकट करते. अडचण बावीसाव्या दिवशी सुरू होते. टरफलं आणि पेंड बारीक करणारी हातचक्की, संध्याकाळी दिव्यावर येणारे किडे गोळा करणारा सौर सापळा, महिन्याप्रमाणे आणि अंगणाच्या मापाप्रमाणे किती कोंबड्या ठेवाव्यात याचा एका पानाचा तक्ता, तोही पाड्यावरच्या बाईला विचारून केलेला : यातलं कुणी काही करणार असेल तर मी टीममध्ये आहे. सिव्हिलवाल्यांनाही घेऊ, तक्ते आखायला.

तोपर्यंत ज्यांच्या घरी पिल्लं आहेत त्यांनी मडक्याचा प्रयोग करून बघा. फुटकं मडकं चालेल. ओला पेंढा आणि थोडं शेण भरून वाळवीच्या वाटेवर संध्याकाळी पालथं घालायचं, पण घराच्या लाकडाला जिथे औषध मारलंय तिथे नको. सकाळी ऊन तापायच्या आत उचलायचं. उशीर केलात तर वाळवी परत जमिनीत जाते.